कादंबरीतलं खोटं चित्र नेमकं कुठे उघडं पडेल?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही सोलापुरात घडणारी कादंबरी लिहिताय. वडील पूर्व भागातल्या चादर कारखान्यांना जेकार्डचे ग्राफ, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीचे चौकटीच्या कागदावरचे नमुने, काढून देणारे, रविवारी हौसेनं तैलचित्रं करणारे. ते गेल्यावर धाकटा मुलगा एका नावाजलेल्या, १९५८ साली वारलेल्या काल्पनिक चित्रकाराच्या नावानं चित्रं करू लागतो आणि थोरला ती मुंबईत विकतो. आई आणि बहीण घरातच आहेत. सहाव्या चित्राचा प्रयोगशाळेचा अहवाल येतो, पांढऱ्या रंगात टायटॅनियम सापडतं आणि घर कोसळतं. हे वाचकाला पटेल का, आणि कोणते तांत्रिक तपशील घालावेत, असं तुम्ही विचारलंय.

मी सोलापुरात एकतीस वर्षं चित्रांची दुरुस्ती करतोय. फाटलेला कॅनव्हास सांधणं, पिवळं पडलेलं वॉर्निश काढणं, वाळवीनं पोखरलेली चौकट बदलणं, हे रोजचं काम. त्यात खोटी चित्रं हातात येतात आणि ती घेऊन येणारी माणसं समोरच्या बाकावर बसतात. तपशील तर देतोच. पण मला वाटतं तुमची खरी अडचण वेगळी आहे. प्रयोगशाळा सगळ्यात शेवटी येते. त्याआधी कुणाच्या तरी मनात शंका यावी लागते, आणि ती कुणाला, कशावरून आली, याचं उत्तर तुमच्या आराखड्यात मला दिसलं नाही.

आधी टायटॅनियमचं बघू, कारण तुमचा सगळा शेवट त्याच्यावर उभा आहे आणि तो टिकणार नाही. टायटॅनियम व्हाइट चित्रकारांच्या ट्यूबमध्ये आलं १९२० च्या सुमारास. त्याआधी शिशाचा आणि जस्ताचा सफेदा चालायचा. त्यामुळे १९१४ ची तारीख असलेल्या चित्रात टायटॅनियम निघालं की प्रश्नच मिटतो. जर्मनीतल्या वोल्फगांग बेल्ट्राकीचं असंच झालं. त्यानं हाइनरिश काम्पेनडोंकच्या नावावर १९१४ चं म्हणून एक चित्र केलं. २००६ मध्ये ते लिलावात २८ लाख युरोंच्या वर गेलं. त्यानं जस्ताचा सफेदा म्हणून जी ट्यूब विकत घेतली, तिच्यात थोडं टायटॅनियम मिसळलेलं होतं आणि ट्यूबवर तसं लिहिलेलं नव्हतं. २०११ मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. तुमच्या चित्रांवर मात्र १९४० ते १९५५ च्या तारखा आहेत. त्या काळात टायटॅनियम सर्रास मिळत होतं. असा अहवाल माझ्या हातात आला तर मी म्हणेन, बरं, मग? थॅलो निळ्या रंगाचंही तेच, तो १९३५ पासून आहे.

मग काय चालेल? इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. चित्र तैलरंगातलं की जलरंगातलं, कॅनव्हास जुना मिळवला की नवा, किंमत लाखात आहे की कोटीत, आणि गोष्ट कोणत्या साली उघडकीस येते. दोन-तीन लाखांच्या चित्रासाठी कुणी रंगाचं रासायनिक पृथक्करण करत बसत नाही. माझ्या अनुभवात अशी चित्रं समोरून क्वचितच पकडली जातात. ती पाठीमागून पकडली जातात.

चित्र हातात आलं की मी आधी ते उलटं करतो. पाठीमागे लेबल असतं, शिक्के असतात, पावती चिकटवलेली असते, फ्रेमवाल्याचा पत्ता असतो. खोटं करणारा समोरच्या बाजूवर महिनाभर जीव ओततो आणि पाठीमागचं एका दुपारीत उरकतो. पत्त्यात पिनकोड असेल तर ते लेबल १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण त्या दिवशी पिनकोड सुरू झाले. १९५१ च्या पावतीवर रुपये-आणे-पै हवेत. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, म्हणून त्याआधीच्या कागदावर 'पन्नास रुपये पंचवीस पैसे' लिहिलेलं असेल तर तो कागद खोटा. १ मे १९६० च्या आधीच्या पत्त्यात 'महाराष्ट्र राज्य' येणार नाही. इंग्रजीत तेव्हा आपल्या गावाचं नाव 'शोलापूर' असं लिहायचे. आजच्या स्पेलिंगची १९४८ ची पावती बघितली की मी खुर्ची ओढून नीट बसतो.

डिंकाचंही सांगतो, कारण ते तुमच्या कादंबरीत चपखल बसेल. जुने फ्रेमवाले सरस किंवा खळ वापरायचे. फेव्हिकॉल बाजारात आलं १९५९ मध्ये, म्हणजे तुमचा चित्रकार गेल्यावर वर्षभरानं. नुसतं फेव्हिकॉल सापडलं म्हणून चित्र खोटं ठरत नाही, पुढे कुणी फ्रेम बदलताना ते लावलं असेल. पण चित्रकारानं स्वतःच्या हातानं लावल्याचं सांगितलेलं लेबल फेव्हिकॉलनं चिकटवलेलं असेल तर पंचाईत आहे. सरस जुना झाला की तपकिरी होतो, ठिसूळ होऊन त्याचे कपचे उडतात. फेव्हिकॉल नखानं ओढलं तर सालासारखं निघतं. पाणी लावून पाच मिनिटं थांबलं की ते पांढरट होतं. एवढ्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

आणखी एक, जे मला फार वापरण्याजोगं वाटतं. कपडे धुण्याच्या पावडरीत कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून एक द्रव्य घालतात. अतिनील दिव्याखाली ते निळसर चमकतं. अशी द्रव्यं सर्रास वापरात आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. कापडावर समोरून अस्तर आणि रंग चढला की ती चमक झाकली जाते, पाठीमागून मात्र दिसते. आता तुमच्या धाकट्यानं घरातल्या ट्रंकेतून जुनं, मिलचं जाडंभरडं सुती कापड काढलं आणि आईनं ते कुबट वास मारतंय म्हणून देण्याआधी धुवून, वाळवून, घडी घालून दिलं, तर? आईला काहीच माहीत नाही. तिनं नेहमीची पावडर टाकली. मला हा पुरावा टायटॅनियमपेक्षा कितीतरी खरा वाटतो.

सहीबद्दलही विचारलंय. तैलचित्राला वयानं भेगा पडतात. सही चित्रासोबतच केलेली असेल तर भेग सहीच्या अक्षराला चिरून जाते. नंतर केलेली असेल तर सहीचा रंग भेगेत उतरलेला दिसतो, ओघळ चिरेत मुरावा तसा. दहापट भिंग पुरतं. दुसरं म्हणजे अशी नंतरची सही वॉर्निशच्या वर असते. कापसाचा बोळा सौम्य द्रावणात भिजवून मी वॉर्निश काढायला घेतलं आणि वॉर्निशबरोबर नाव बोळ्यावर आलं, असं माझ्या बाबतीत तीनदा झालंय. एकदा त्या नावाखाली दुसरं नाव निघालं, इथल्याच एका पोर्ट्रेट करणाऱ्याचं. चित्र उत्तम होतं. मुळातल्या माणसाचं नाव पुसून वर मोठं नाव चढवलेलं बघितलं की मला आजही त्रास होतो.

आता तुमच्या गाभ्याकडे येतो. खोटं चित्र विकताना खरेदीदार विकत घेतो ती त्यामागची हकीकत. हे घरात आलं कसं, कुणी दिलं, कधीपासून भिंतीवर आहे. बेल्ट्राकीची बायको हेलेन स्वतःच्या आजीसारखे कपडे घालून बसली, मागे नवऱ्यानं केलेली चित्रं टांगली आणि जुन्या कागदावर फोटो छापला. लोकांनी त्या आजीवर विश्वास ठेवला. इंग्लंडमधल्या बोल्टन गावचं ग्रीनहाल्श कुटुंब तर तुम्ही अभ्यासावंच. मुलगा शॉन घरामागच्या शेडमध्ये वस्तू करायचा. ऐंशीच्या पुढचे, चाकाच्या खुर्चीतले वडील त्या संग्रहालयांत घेऊन जायचे. मुलगा बुजरा म्हणून फोन आई करायची. प्राचीन इजिप्तची राजकन्या म्हणून त्यांनी विकलेल्या मूर्तीचे बोल्टनच्या संग्रहालयानं २००३ मध्ये जवळपास चार लाख चाळीस हजार पौंड मोजले. पुढे असिरियन शिल्पपट्ट्यावरच्या लेखातली चूक ब्रिटिश म्युझियमच्या लक्षात आली आणि तिथून सगळं उलगडलं. २००७ मध्ये शॉनला तुरुंगवास झाला आणि आई-वडीलही दोषी ठरले. तो चाकाच्या खुर्चीतला म्हातारा समोर बसून 'आमच्या घराण्यातली वस्तू आहे' म्हणाला की पुढचे चार प्रश्न माणसं विचारतच नाहीत.

म्हणून तुमच्या कादंबरीत मुंबईच्या खरेदीदाराला हकीकत कोण सांगतं ते आधी ठरवा. थोरला विकतो म्हणताय, पण दलालावर कुणी विश्वास ठेवत नाही. विश्वास ठेवतील तो आईवर. 'हे चित्रकार आमच्याकडे जेवायला यायचे, यांनी त्यांना गड्ड्याच्या जत्रेत नेलं होतं' हे वाक्य आईच्या तोंडून यायला हवं. आणि त्यातलं अर्धं तिला खरंच आठवत असावं. माणसं सरसकट खोटं बोलत नाहीत. खऱ्या आठवणीला एक खोटं टोक जोडतात आणि दहा वेळा सांगितलं की ते टोकही त्यांचंच होतं.

आपल्या जिल्ह्यात असं वरचेवर घडतं. मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे, जन्म १९१५ चा. त्यामुळे 'हुसेनसाहेब पंढरपुरात असताना आजोबांना दिलेलं' घोड्याचं चित्र वर्षाला एखादं तरी माझ्याकडे येतं. हुसेन अगदी लहान असताना त्यांचे वडील त्यांना घेऊन इंदूरला गेले. दूध पिणारं मूल आजोबांना घोडा काढून देत नाही. पण घेऊन येणाऱ्याला मी कधी खोटारडा म्हणत नाही, कारण त्यानं ती गोष्ट आपल्या वडिलांकडून ऐकलेली असते. तसंच सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र. त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि घरोघरी त्याची छापील प्रत रविवर्म्याची म्हणून टांगलेली असते. रविवर्मा १९०६ सालीच वारले होते. इथे कुणी कुणाला फसवलेलं नाही, आणि चुकीचं नाव तरी तीन पिढ्या टिकलंय.

यावरून मला सुचतं ते हे, की तुमच्या घरातलं पहिलं खोटं हे खोटं म्हणून सुरूच होऊ नये. मी जवळून बघितलेलं एक घर सांगतो. गाव आणि पेठ सांगत नाही, ओळख पटेल असं बरंच बदललंय.

वडील पोर्ट्रेट करायचे. शाळांना पुढाऱ्यांची चित्रं, घरांना फोटोवरून गेलेल्या माणसांची. शेवटची चार वर्षं ते अर्धांगवायूनं अंथरुणावर होते. ते गेल्यावर आठ वर्षांनी मुलगा सात-आठ चित्रं घेऊन माझ्याकडे आला. स्वच्छ करून द्या, वडिलांचं प्रदर्शन करायचंय, आणि शेवटच्या काळातली शैली कशी बदलली यावर दोन ओळी लिहून द्या म्हणाला. सोबत बहीण होती, ती काही बोलली नाही.

मी खोलीतला दिवा बंद केला आणि टॉर्च चित्राला समांतर, अगदी कडेला धरला. असा तिरपा उजेड पडला की रंगाचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो आणि ब्रश कुठून कुठे गेला ते वाचता येतं. वडील डावखुरे होते, हे गावात सगळ्यांना माहीत. जुन्या चित्रांत पार्श्वभूमीचे फटकारे वर डावीकडून खाली उजवीकडे उतरत होते, डावखुऱ्याचे उतरतात तसे. शेवटच्या चार वर्षांच्या चित्रांत ते बरोबर उलटे होते. सह्या मात्र सारख्या. मी टॉर्च फिरवत राहिलो. बहीण उठून जवळ आली, एका चित्रातल्या कानाच्या पाळीवर बोट न टेकवता बोट धरलं आणि म्हणाली, "काका, कान बाबांना आवडायचे नाहीत, ते मला करायला लावायचे. हे बाकीचंही मीच केलंय."

भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. त्याला खरंच माहीत नव्हतं. तो तेव्हा पुण्याला नोकरीला होता. घरी ऑर्डरी येत होत्या, वडिलांचा हात चालत नव्हता, औषधांचा खर्च होता. पहिलं चित्र अर्धवट होतं ते तिनं पूर्ण केलं. दुसरं वडिलांनी पडल्या पडल्या तोंडी सांगून करून घेतलं. तिसऱ्यापासून तिनं एकटीनं केलं आणि सही वडिलांची घातली, कारण गिऱ्हाइकानं त्यांच्या नावाला पैसे दिले होते. तिच्या स्वतःच्या नावाचं एकही चित्र नव्हतं.

ही फसवणूक होती का? मी बराच विचार केलाय. गुरूच्या चित्रशाळेत शिष्यांनी हात लावणं जगभर चालत आलंय, आणि अर्धवट चित्र पूर्ण करण्यात मला काहीच गैर दिसत नाही. तिसऱ्या चित्रापासून गिऱ्हाइकाला जे सांगितलं गेलं ते खरं नव्हतं आणि त्यावर पैसे घेतले गेले, तिथे फसवणूक सुरू झाली. ती करणारी मुलगी त्या घरातली सगळ्यात कष्टाळू माणूस होती, हेही तितकंच खरं. तुमच्या कादंबरीत या दोन्ही गोष्टी एकाच पानावर राहिल्या तर ती मोठी होईल.

तुमच्या ग्राफच्या धाग्याचा उपयोग इथे होतो. लहानपणापासून चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवणाऱ्याचा हात तैलचित्रातही तसाच चालतो. तो एक तुकडा पुरा करतो, मग शेजारचा. मोठ्या चित्रकाराचा हात सगळ्या चित्रभर फिरतो. हा फरक छापील फोटोत दिसत नाही, तिरप्या उजेडात दिसतो. आणि वडिलांच्या ग्राफवरून जेकार्डचे पत्ते पंच करण्यात, म्हणजे मागाच्या कार्डांना नक्षीबरहुकूम भोकं पाडण्यात, जिची दहा वर्षं गेली, ती बहीण हे टॉर्चशिवाय ओळखेल. तुमच्या गोष्टीत पहिली शंका तिला यावी असं मला वाटतं. ती बोलेल की गप्प बसेल, त्यावर पुढची शंभर पानं उभी राहतील. मुंबईचा अहवाल त्यानंतर आला तरी चालेल, त्यानं फक्त तिला माहीत असलेलं कागदावर येईल.

थोरल्यासाठी एक तपशील माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेला देतो. एका मध्यस्थाला मी दुरुस्तीचा अहवाल लिहून दिला. कॅनव्हास कुठे फाटला होता, वॉर्निश कोणतं काढलं, एवढंच त्यात होतं. चित्रकाराचं नाव मी 'मालकाच्या सांगण्यानुसार' म्हणून लिहिलं. वर्षभरानं तोच कागद मला परत दिसला तो ते दोन शब्द कापून केलेल्या झेरॉक्सवर, चित्र अस्सल असल्याचा दाखला म्हणून. तेव्हापासून मी अहवालात नावच लिहीत नाही, नुसतं माप आणि विषय लिहितो. तुमच्या थोरल्याला खोटे कागद बनवायची गरज नाही. खऱ्या कागदाची कात्री त्याला पुरेल.

वाळण्याबद्दल विचारलंत ते राहिलं. आपल्या मे महिन्यात, पत्र्याखाली, तैलरंग काही दिवसांत हाताला कोरडा लागतो. आतून कडक व्हायला मात्र दशकं जातात. नव्या चित्राच्या कडेला स्पिरिटचा बोळा लावला तर रंग सुटतो, सत्तर वर्षांचा सहसा सुटत नाही. जवसाच्या तेलाचा वासही महिनोन्‌महिने जात नाही, विशेषतः काचेच्या फ्रेममध्ये बंद केलेलं असेल तर. फ्रेम उघडली की तो आधी नाकात जातो. धाकट्यानं घाई केली हे दाखवायला एवढं बस आहे.

पोलिसांचं म्हणाल तर गोष्ट जुलै २०२४ आधीची असेल तर कलम ४२०, नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं ३१८. पण मी बघितलेली बहुतेक प्रकरणं ठाण्यापर्यंत गेली नाहीत. खरेदीदाराला स्वतः फसल्याचा बोभाटा नको असतो. पैसे परत होतात, चित्र गोणपाटात गुंडाळून घरी येतं. ते परत आलेलं चित्र घरातली माणसं कुठे ठेवतात, हा प्रसंग तुम्ही जरूर लिहा.

त्या घरात काय झालं ते सांगतो. भाऊ दोन महिने आला नाही, माझ्यावरही रागावला होता. मग एक दिवस बहीण एकटी आली. चित्रं पालथी मांडायला लावली आणि माझ्याकडे लिहायला काहीतरी मागितलं. तुम्ही असा प्रसंग घेतलात तर तिच्या हातात पेन्सिल द्या, आणि कॅनव्हासवर न लिहिता मागच्या लाकडी पट्टीवर लिहू द्या. कॅनव्हासवर पाठीमागून दाबून लिहिलं की काही वर्षांनी अक्षरं समोर, चेहऱ्यावर उठतात.